बारदानावर साफ, पाऊचवर झिजलेलं: तीन शब्दांचं प्रकरण

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत परिसरातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला हळदपुडीचा पाऊच करायचा होता. सभासदांत बायका जास्त, बऱ्याच जणींनी आधी बचत गटात एकत्र काम केलेलं. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि पोत्यांत भरून बाजार समितीत न्यायची, इथवरचं काम त्यांच्या अंगवळणी पडलेलं. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि नुसती हळकुंडं विकण्यापेक्षा पूडच करून विकू, हा विचार पक्का झाला. पाऊचवर मोठ्या अक्षरांत 'घरची हळद' आणि त्याखाली 'वसमत' लिहायचं ठरलं. कंपनीचं नाव इथे देत नाही. अक्षरांचा सगळा प्रश्न या तीन शब्दांतच होता.

अक्षर कसं हवं, हे त्यांच्या डोक्यात स्पष्ट होतं. आडतीत बारदानावर अक्षरं कापलेला पत्रा ठेवून कुंचीने मार्का मारतात, तसं. थोडं झिजलेलं, थोडं तुटक, हाताने केलेलं वाटणारं. मागणी रास्त होती. किराणा दुकानातल्या गुळगुळीत पिवळ्या पाऊचांच्या रांगेत असं अक्षर उठून दिसलं असतं. शिवाय त्यात उसनं काही नव्हतं, कारण याच बायकांचा माल वर्षानुवर्षं तशाच मार्क्याच्या पोत्यांतून गेलेला.

पहिली फाइल एका डीटीपीवाल्याने करून दिली. त्यावरून पाऊचचे नमुने निघाले, एक पोतं छापलं गेलं आणि टेम्पोच्या दारावर रेडियमही लागलं. नमुने बैठकीत फिरले तेव्हा एका सभासद ताईंच्या शाळकरी मुलीने पाऊच हातात घेऊन मोठ्याने वाचलं, "धरची हळद, वसभत." पोत्यावरचं तर धड वाचताच येत नव्हतं. रेडियमवाल्याने, असलं काम पुन्हा आणू नका, म्हणून आधीच सांगून टाकलं होतं. त्यानंतर हे काम माझ्याकडे आलं. अध्यक्ष ताईंनी सगळे नमुने टेबलावर मांडले आणि विचारलं, "दादा, हे असं कामून झालं?"

पहिल्या फाइलमध्ये काय होतं

फाइल कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती उघडली की कामाचा प्रवास दिसतो. डीटीपीवाल्याने आधी झिजलेला फॉन्ट शोधला होता. रोमन लिपीसाठी असे फॉन्ट शेकड्यांनी आहेत. गूगल फॉन्ट्सवरच 'रुबिक डिस्ट्रेस्ड' आहे, 'रुबिक डर्ट' आहे, जुन्या टाइपरायटरची आठवण देणारा 'स्पेशल एलिट' आहे. पण यातल्या एकातही देवनागरी नाही. अशा फॉन्टमध्ये मराठी टाइप केलं की संगणक मुकाट्याने मंगल किंवा निर्मला हा त्याच्याकडचा साधा देवनागरी फॉन्ट लावून मोकळा होतो. देवनागरीत व्यक्तिमत्त्व असलेले मोफत डिस्प्ले फॉन्ट आहेत आणि ते चांगले आहेत: 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे 'मोदक' आणि 'बलू', मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला 'यात्रा वन'. पण ते सगळे स्वच्छ कडांचे. झिजलेलं, छापून-छापून थकलेलं देवनागरी अक्षर तयार मिळणं अवघड.

म्हणून मग नेहमीचा मार्ग. श्रीलिपी या डीटीपीतल्या नेहमीच्या फॉन्ट-संचातलं एक जाड अक्षर घेतलं, कर्व्ह केलं, म्हणजे त्याचं रेषांच्या चित्रात रूपांतर केलं, भेगाळलेल्या भिंतीचा फोटो ट्रेस केला आणि त्या भेगा-ठिपक्यांनी अक्षरं कापून काढली. स्क्रीनवर हे छान दिसतं. अवघ्या तीन शब्दांत हजारो नोड, म्हणजे कडेची रेघ जिथे वळते ते बिंदू, तयार झाले होते, हे मात्र स्क्रीनवर दिसत नाही. रेडियमवाल्याच्या प्लॉटरचं पातं प्रत्येक नोडवर वळतं. मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा कापायला गेलं की रेडियम फाटतं, आणि कापून झाल्यावर ते ठिपके नखाने एकेक उचलत बसावं लागतं. त्याचा वैताग अगदी खरा होता.

नोडची गोष्ट सोपी आहे, नोड कमी करता येतात. खरी अडचण अशी की भिंतीच्या फोटोला अक्षर कळत नाही. भेग जिथून जायची तिथून गेली. ती 'घ'च्या डोक्यावरून गेली आणि 'म'च्याही.

शिरोरेषेवर काय काय अवलंबून असतं

रोमन अक्षराच्या डोक्यावरचा टवका उडाला तरी बहुतेक वेळा अक्षर तेच राहतं. देवनागरीत तसं नाही. 'घ' आणि 'ध' जवळ ठेवून पाहा. 'घ'चं पोट वरून शिरोरेषेने बंद झालेलं असतं. 'ध'चं पोट वरून उघडं असतं आणि डाव्या टोकाला बारीकशी गाठ असते. 'म' आणि 'भ'चंही तेच. म्हणजे 'घ'च्या डाव्या डोक्यावरची दोन-तीन मिलिमीटर शिरोरेषा खाल्ली गेली की वाचणारा 'ध' वाचतो. गाठ नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण झिजलेल्या अक्षरात गाठही झिजली असेल असं डोळा धरून चालतो. त्या मुलीने काहीच चुकीचं वाचलं नव्हतं. छापलेलं तेच होतं.

अक्षरांच्या या दोन जोड्या सर्वांत घातकी, पण एकट्या नाहीत. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ पुसली की 'व' उरतो. 'ष'च्या पोटातली रेघ गेली की 'प'. आणि उलट बाजूने, नसलेली शाई आली तरी अर्थ फिरतो. झिजकं अक्षर करताना भोवती शाईचे शिंतोडे टाकायची पद्धत आहे. रोमनमध्ये शिंतोडा हा शिंतोडाच राहतो. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर पडलेला ठिपका म्हणजे अनुस्वार. चितेची चिंता व्हायला एक ठिपका पुरतो, नदीचा नंदी व्हायलाही तेवढाच. पहिल्या नमुन्यात 'हळद'च्या 'ळ'वर असाच एक गोल ठिपका होता. कुणी तो मोठ्याने वाचला नाही, पण एकदा दिसल्यावर नजर तिथेच अडकत होती.

याचा अर्थ देवनागरी झिजवू नये असा मुळीच नाही. आपल्याकडे छापील अक्षर भरपूर झिजलेलं आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात गावोगावच्या लहान छापखान्यांत तेच तेच खिळे वर्षानुवर्षं चालत. जत्रेची हस्तपत्रकं, तमाशाच्या जाहिराती, लग्नपत्रिका यांतलं अक्षर कधी फिकं, कधी चेपलेलं असे. त्या झिजेला कारण होतं. खिळ्याबाहेर लोंबणारा वेलांटीचा किंवा मात्रेचा नाजूक भाग आधी मोडे, जाड उभा दंड शेवटपर्यंत टिके, दाब कमी पडला की कडेचं अक्षर फिकट येई. म्हणजे झीज ठरावीक जागी आणि ठरावीक क्रमाने व्हायची, आणि वाचणाऱ्याला ती ओळखीची होती. भिंतीच्या फोटोतल्या भेगेला असा क्रम नसतो, म्हणून ती वरून चिकटवलेली वाटते. ज्याला अक्षरातलं काही कळत नाही त्यालाही ती तशीच वाटते, फक्त कारण सांगता येत नाही.

"कीड लागल्यावानी दिसायलंय"

मी शिरोरेषेवर बोलत असताना ताईंचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. त्यांनी पाऊच उजेडात धरला, अंगठ्याने 'ह'वरचे ठिपके चाचपले आणि म्हणाल्या, "हे कीड लागल्यावानी दिसायलंय."

मग त्यांनी साठवणीतल्या पोत्यातून एक किडकं हळकुंड आणून पाऊचशेजारी ठेवलं. फार दिवस ठेवलेल्या हळकुंडाला भुंगेरे लागतात आणि ते बारीक, गोल, नीटस भोकं पाडतात. भोकाच्या तोंडाशी पिवळा भुगा साचतो. टेक्स्चरमधले गोल ठिपके अगदी त्याच आकाराचे होते, आणि जाड तपकिरी अक्षरातून खालचा पिवळा रंग दिसत असल्यामुळे भुग्यासकट सगळं जुळत होतं. हळदीत आयुष्य गेलेल्या बाईला ते क्षणात दिसलं. मला ते हळकुंड शेजारी ठेवल्यावर दिसलं, आणि मग दुसरं काही दिसेना.

झिजलेलं अक्षर कुठे वापरावं, या प्रश्नाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असं मला वाटतं. खरबरीतपणाला स्वतःचा अर्थ नसतो, तो वस्तूकडून येतो. किल्ल्यावरच्या भटकंतीच्या पोस्टरवर तुटकं अक्षर दगडाची आठवण देतं. दुष्काळावरच्या नाटकाच्या जाहिरातीत तेच अक्षर भेगाळलेल्या जमिनीचं होतं. खाण्याच्या पदार्थावर ते मळ, बुरशी, कीड यांच्याकडे झुकायला जराही वेळ लागत नाही. त्यात हळद म्हणजे देवघरात, हळदी-कुंकवात आणि लग्नात लागणारी वस्तू. पुन्हा तिच्यात भेसळ होते, मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट घालून रंग चढवतात, हे गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. असं गिऱ्हाईक पाऊचवर आधी स्वच्छपणा शोधतं.

काही सभासदांचं म्हणणं पडलं की मग झिजलेलं अक्षर नकोच. सरळ साफ अक्षर घ्या. ते अगदी चालण्यासारखं होतं. पण मूळ मागणीत दम होता असं मला मनापासून वाटत होतं. झीज नको होती असं नव्हे, ती कीड वाटायला नको होती. म्हणून मी त्यांना सुचवलं की बारदानावरचा मार्का नेमका कसा दिसतो ते आधी जवळून पाहू, आणि मग ठरवू.

पत्रा कापणारे चाचा

बाजारात पत्रे कापून देणारे एक चाचा आहेत. आता काम कमी झालंय, बरेच व्यापारी छापील प्लॅस्टिकच्या गोण्या वापरतात. पण तागाच्या बारदानावर मार्का मारायचा तर अजूनही पत्रा लागतो. त्यांच्याकडे जुने पत्रे एका खिळ्याला अडकवलेले होते, रंगाचे थर चढून जाड झालेले. त्यातला एक काढून मी उन्हात धरला. त्यावर 'घ' होता.

पत्रा म्हणजे उलटा विचार. जिथे रंग जायला हवा तो भाग कापून काढायचा. 'घ'चं पोट चारी बाजूंनी बंद असतं: वरून शिरोरेषा, उजवीकडे दंड, डावीकडे आणि खाली वळणं. सगळं कापलं तर मधला पत्रा खाली पडतो. म्हणून कुठेतरी एक पट्टी न कापता ठेवावी लागते, जी पोट धरून ठेवते. चाचांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "जोड छोडना पडता, नई तो पेट गिर जाता."

जोड कुठे सोडायचा? सर्वांत सोपी जागा वर, शिरोरेषेत. सरळ रेघ, कापायला सोपी. पण चाचांनी तिथे सोडला नव्हता. खालचं वळण जिथे उभ्या दंडाला मिळतं, तिथे सोडला होता. डोक्यावरची शिरोरेषा पूर्ण होती. शेजारच्या पत्र्यावरच्या 'म'लाही जोड खालच्या आडव्या रेघेत होता, डोक्यावर नाही. 'व'च्या पोटाला डावीकडे. शिरोरेषा तुटली होती, पण दोन अक्षरांच्या मधे, जिथे ती तुटल्याने कुठलंच अक्षर बदलत नाही. मी विचारल्यावर चाचांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. वर जोड दिला की दुसरं अक्षर होतं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. भिंतीच्या फोटोला जे कळलं नव्हतं ते इथे पत्र्यात कापलेलं होतं.

मग त्यांनी एका रिकाम्या बारदानावर मार्का मारून दाखवला. कुंची रंगात बुडवून डब्याच्या काठावर निथळली, पत्रा तळहाताने दाबून धरला आणि कुंची वरून खाली ओढली. पत्रा उचलल्यावर तीन गोष्टी दिसल्या. एक, कुंचीच्या केसांचे उभे ओरखडे, सगळे एका दिशेने, सुरुवातीला रंग दाट आणि खाली येता येता कोरडा. दोन, पत्र्याखाली थोडा रंग सरकून खालच्या कडा फुगलेल्या. तीन, तागाची वीण. धाग्याच्या उंचवट्यावर रंग बसलेला, दोन धाग्यांमधल्या खळगीत नाही, त्यामुळे अख्ख्या अक्षरात बारीक चौकोनी जाळी. यात गोल भोक एकही नव्हतं.

दहा अक्षरं आणि एक वेलांटी

इथून पुढे फॉन्ट करायचा की नुसती अक्षरं काढायची, हा निर्णय होता. 'घरची हळद' आणि 'वसमत' यांत मिळून दहा अक्षरं आणि एक वेलांटी. एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. मराठीचा पूर्ण फॉन्ट म्हणजे जोडाक्षरं, रफार, 'ऱ्य'मधला अर्धा र, मात्रांच्या वेगवेगळ्या लांबी धरून कित्येक शे आकार. त्यातही झिजक्या फॉन्टची आणखी एक गोम असते. तेच अक्षर दोनदा आलं की तोच टवका त्याच जागी दुसऱ्यांदा दिसतो आणि सगळी बनवाबनवी उघडी पडते. देवनागरीत हे लवकर होतं, कारण काना पावलोपावली येतो. 'मराठवाडा' या एका शब्दात तीन काने आहेत. तिन्हींवर त्याच उंचीवर तोच ओरखडा असला तर लहान मूलही बोट ठेवेल. त्यावर उपाय आहे: प्रत्येक अक्षराचे दोन-तीन झिजलेले आकार करायचे आणि ते आलटून-पालटून यावेत अशी सोय फॉन्टमध्ये ठेवायची. पण काम तितक्या पटीने वाढतं, आणि जिथे श्रीलिपी आणि जुनं कोरल चालतं अशा दुकानात ती सोय चालेलच याची खात्री नाही. तीन शब्दांसाठी फॉन्ट करणं म्हणजे ताईंचे पैसे वाया घालवणं होतं. मी अक्षरं हाताने काढली.

आधी साफ अक्षर. जाड, ठेंगणं, पत्र्याला सोसेल असं, 'घ' आणि 'म'ची शिरोरेषा मुद्दाम नेहमीपेक्षा जाड. 'ल' आणि 'श' मराठीत आणि हिंदीत वेगळ्या वळणाने काढतात; तो प्रश्न या शब्दांत आला नाही, नाहीतर मराठी वळणाचा 'ल' काढावा लागला असता. सरसकट हिंदी वळण आलेलं मला मराठवाड्यातल्या मालावर खटकतं. मग जोड, चाचांनी दाखवलेल्या जागी. मग झीज. ती मी कागदावर कोरड्या कुंचीने उभे फटकारे मारून, स्कॅन करून घेतली. फटकारे वरून खाली, वर दाट आणि खाली विरळ, म्हणजे शिरोरेषेला सर्वांत कमी इजा. ही सोय आपोआप झाली. कुंचीची नैसर्गिक चाल देवनागरीच्या बाजूची निघाली. शिरोरेषेच्या वरचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवला, तिथे एकही शिंतोडा नाही. 'ची'च्या वेलांटीला हात लावला नाही.

तागाची जाळी अक्षरात आणायची का, यावर बराच खल झाला. काहींना ती फार आवडली होती. मी ती घेतली नाही. पाऊच हैदराबादच्या एका प्रिंटरकडे ग्रॅव्ह्युअरवर होणार होते. ग्रॅव्ह्युअरमध्ये धातूच्या सिलिंडरवर बारीक खळगे कोरतात, त्यांत शाई भरते आणि फिल्मवर उतरते. त्यामुळे अक्षराच्या कडेला मुळातच सूक्ष्म करवतीचे दात येतात. त्यावर चौकोनी जाळी घातली तर दोन जाळ्या एकमेकींत भांडतात आणि नको ते पट्टे उमटतात. शिवाय प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा, तो महाग आणि एकदा कोरल्यावर बदलत नाही. तिथे प्रयोग परवडत नाही.

त्याच कारणाने झिजेला किमान माप ठरवलं. पाऊचवर अक्षराची उंची साधारण २२ मिलिमीटर होती. ०.३ मिलिमीटरहून अरुंद ओरखडा ठेवायचा नाही, कारण त्याखालचा ओरखडा शाई भरून बुजतो किंवा अर्धवट येतो. आता हेच चित्र पाऊचच्या बाजूच्या पट्टीवर ५ मिलिमीटर उंचीचं केलं तर ०.३चा ओरखडा ०.०७चा होतो. म्हणजे छपाईत त्याचं काहीच उरत नाही, फक्त कड मळकट होते. म्हणून एकच चित्र लहान-मोठं करून वापरायचं नाही असं ठरलं. तीन वेगळी चित्रं दिली. मोठं, पूर्ण झिजेचं. मधलं, दोन-चार ठळक ओरखड्यांचं. लहान, झीज नाहीच, फक्त पत्र्याचे जोड. फाइलच्या नावातच माप लिहिलं, 'मोठे २० मिमीच्या वर' असं, कारण फाइल पुढे कुणाच्या फोनमधून कुणाकडे जाईल ते सांगता येत नाही.

पाऊचला पारदर्शक खिडकी ठेवून पूड दाखवावी, अशीही एक हौस होती. ओरखड्यांमधून थेट हळदच दिसली तर, हा विचार मलाही मोहात पाडणारा होता. पण हळदीचा रंग ज्या कर्क्युमिनमुळे असतो ते उजेडात विघटित होतं. दुकानात उन्हाकडे तोंड करून ठेवलेली पूड फिकी पडते. फिल्म अपारदर्शकच घेतली.

कुठे लावलं, कुठे नाही

आता पोतं. पूड पाऊचमध्ये जाणार, पण घाऊक हळकुंडं तागाच्याच पोत्यातून जात राहणार होती. सगळ्यांची पहिली अपेक्षा ही की झिजलेलं अक्षर शोभेल ते पोत्यावरच. मी तिथे साफ अक्षर दिलं, आणि या कामातला मला सर्वांत पटलेला निर्णय हाच आहे.

पहिला नमुना पोत्यावर वाचता का येत नव्हता, याचं उत्तर इथे आहे. आधीच झिजवलेलं अक्षर तागावर छापलं, मग तागाने ते पुन्हा झिजवलं. ओरखडा आणि खळगी एकत्र आल्या आणि अर्धी शिरोरेषा गेली. ताग स्वतःच खरबरीत आहे. त्याला साफ, जाड अक्षर दिलं की तो त्याच्या हिशेबाने ते झिजवतो, आणि ती झीज कुठल्याही चित्रापेक्षा खरी असते, कारण प्रत्येक पोत्यावर ती वेगळी येते. उलट पाऊचची फिल्म गुळगुळीत, तिच्याकडून काहीच येत नाही. तिथे झीज आपण काढून द्यावी लागते. हातमागाचं कापड, कच्चा कागद, विटेची भिंत, लाकडी पेटी या सगळ्यांना मी हेच लावेन: पृष्ठभाग जितका खरबरीत, तितकं अक्षर साफ.

पोत्याचा पत्रा चाचांनीच कापला, माझ्या साफ चित्राच्या प्रिंटवरून. 'ळ'च्या दोन्ही गोलांतले जोड मी वर दिले होते, त्यांनी ते खाली नेले. तसंच राहू दिलं.

टेम्पोच्या दाराला लहान चित्राचा, म्हणजे झीज नसलेल्याचा नमुना मोठा करून दिला. रेडियमवाल्याने तो काही मिनिटांत कापला. धावत्या गाडीवरचं अक्षर दुरून आणि क्षणभर वाचलं जातं, तिथे ओरखडे कुणाला दिसणार. फ्लेक्सवर मोठं चित्र चाललं.

पाऊचची मागची बाजू मात्र आग्रहाने सांभाळली. घटक, नेट वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआय परवाना क्रमांक, शाकाहारीचं हिरवं चिन्ह. वैधमापनाच्या २०११च्या नियमांनुसार आणि अन्नसुरक्षेच्या २०२०च्या लेबलिंग विनियमांनुसार ही माहिती ठळक आणि सहज वाचता येईल अशी असावी लागते, आणि ती हिंदीत किंवा इंग्रजीत असणं बंधनकारक आहे. मराठी त्याच्या जोडीने देता येते. आम्ही दोन्ही दिलं, 'एक टाइप'च्याच 'मुक्ता' फॉन्टमध्ये, जो मुक्त परवान्यावर मिळतो. एका सभासदाने 'एमआरपीचा आकडा तरी रफ अक्षरात घ्या, जुळेल' असं सुचवलं होतं. तो घेतला नाही. झिजलेल्या इंग्रजी आठाचा तीन होतो, आणि किमतीत किंवा तारखेत तसं झालं तर भांडण दुकानात होतं. 'वसमत'खाली मानांकनाचं चिन्ह लावायचंही मनात होतं. ते चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही, म्हणून जागा मोकळी सोडून नोंदणीचं काम आधी हाती घ्या, असं सांगितलं.

सिलिंडर कोरण्याआधी अक्षरांची एक परीक्षा घेतली. कागदावर खऱ्या मापात छापून, मजकूर न सांगता, गावातल्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांना हात लांब करून वाचायला दिलं. चष्मा नसलेल्या आजींनाही 'घरची' हे 'घरची'च वाचता आलं. एका आजोबांनी 'वसमत' वाचताना 'म'पाशी थोडं थांबून वाचलं. त्या 'म'च्या डाव्या खांद्याजवळचा एक ओरखडा मी भरून टाकला. दिसण्यात फरक पडला नाही. असा एखादा ओरखडा जपण्यासाठी जीव टाकण्यात अर्थ नसतो.

पाऊच छापून आले ते नीट आले. ताईंनी किडकं हळकुंड पुन्हा मागवलं नाही. त्यांनी पाऊच आणि नवं पोतं शेजारी ठेवून पाहिलं आणि विचारलं की पोत्यावरचं जास्त जुनं कसं दिसतं, ते तर साफ दिलं होतं ना. मग मी त्यांना वीण दाखवली.

आता कंपनीला त्याच अक्षरात 'काळा मसाला' काढायचा आहे, आणि इथे गणित बदलतं. या दोन शब्दांत काना चार वेळा येतो. म्हणजे कान्याचे किमान तीन वेगळे झिजलेले आकार काढावे लागतील आणि शेजारी-शेजारी तोच आकार येणार नाही हे हाताने बघावं लागेल. 'ल' येतो, तो मराठी वळणाचा काढायचा आहे. 'क'च्या डावीकडचा गोल पत्र्यात कसा धरायचा, यासाठी चाचांकडे जायचं ठरलंय. 'म' या वेळी शब्दाच्या सुरुवातीलाच आहे. त्याच्या डाव्या खांद्याला आधार द्यायला आधीच्या अक्षराची शिरोरेषा नसेल, म्हणून ती तिथे आणखी जाड घेतली आहे, आणि तिच्यावर कुंची फिरवलेली नाही. मसाले वाढत गेले, तर पुढच्या वर्षी फॉन्टचा हिशेब पुन्हा मांडू. तेव्हा तो परवडेल असा माझा अंदाज आहे.